जागा कोणाची?

दिवाळीच्या फराळाला चार माणसे जमली, की बोलणे कोठून निघेल आणि कोठे जाऊन थांबेल, याचा भरवसा देता येत नाही. अनारसे तुपात हसले, येथून निघालेली गोष्ट पाहता पाहता राज्यघटनेपर्यंत जाऊन पोचते. गेल्या खेपेला, म्हणजे २०२४ च्या भाऊबीजेला, आमच्याकडे असेच झाले. मी अक्काकडे, माझ्या थोरल्या बहिणीकडे, ओवाळून घ्यायला गेलो होतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या भावाने ऐंशीला टेकलेल्या बहिणीपुढे टोपी घालून बसावे, यात थोडे हसण्यासारखे आहे खरे. पण पाटाच्या जागी खुर्ची आली, एवढाच काय तो फरक इतक्या वर्षांत पडला आहे.

घरात त्या दिवशी जरा उदासी होती. अक्काच्या नातवाने त्या वर्षी वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दिली होती. गुण चांगले पडले होते, पण सरकारी महाविद्यालयात जागा मिळावी इतके ते नव्हते. आणि खाजगी महाविद्यालयाच्या फीचा आकडा ऐकून भाच्याने तो विषयच मिटवला होता. पोरगा ताटलीतल्या शंकरपाळ्यांचे तुकडे करीत खाली मान घालून बसला होता.

"मामा, आमची जागा गेली," भाचा म्हणाला. "याच्यापेक्षा कमी मार्कांची पोरं आत गेली, आणि हा घरी बसलाय."

मंडळींनी माना डोलावल्या. मीही डोलावली असती. आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत या वाक्याला मान डोलावण्याची सवयच लागून गेली आहे. पण तेवढ्यात अक्का निरांजन लावलेले तबक घेऊन आतून आली, आणि माझी मान जागच्या जागी राहिली. कारण एका जागेचा हिशेब तिच्या-माझ्यात साठ वर्षे तसाच पडून आहे, आणि तो तिच्या मुलाला ठाऊक नाही.

अक्का १९६२ साली एस. एस. सी. झाली. आमच्या तालुक्याच्या शाळेत तिचा पहिला नंबर आला. दोन वर्षांनी मी त्याच शाळेतून बाहेर पडलो. माझा नंबर चौथा. वडील प्राथमिक शिक्षक आणि घरात खाणारी तोंडे सात. कॉलेज जिल्ह्याच्या गावी. फीपेक्षा खोली आणि खाणावळ यांचाच खर्च मोठा, आणि तो एकाचाच झेपण्यासारखा होता. अक्काला 'पाहू पुढच्या वर्षी' म्हणून दोन वर्षे घरी ठेवले, आणि मग मला पाठवले. यावरून घरात भांडण झाले नाही की कोणी डोळ्यांना पदर लावला नाही. पाऊस पडतो किंवा पडत नाही, तशी ती गोष्ट झाली. मी हुशार होतो म्हणून शिकलो, असे मी पुढे कितीतरी वर्षे, स्वतः कॉलेजात शिकवीत असतानासुद्धा, मनापासून मानीत आलो.

आता त्या हुशारीची फोड करून पाहिली, तर काय दिसते? शाळेत असताना रात्री अभ्यासाला घरातला एकुलता एक चांगला कंदील माझ्याकडे असे. पहाटे पाणी भरायला अक्का उठे. मला उठवीत नसत, कारण 'त्याचा अभ्यास व्हायचा असतो'. घरात पुस्तके होती, वडिलांचे शुद्ध बोलणे कानांवर पडत होते. बीजगणित तर मला अक्कानेच शिकवले. एवढे सगळे माझ्या बाजूला घालून मी चौथा आलो, आणि कंदिलाच्या उरलेल्या उजेडात ती पहिली आली होती. गुणपत्रिकेवर मात्र यातले काहीच लिहिलेले नसते. एखाद्या माणसाची उंची मोजताना तो ज्या चौरंगावर उभा आहे त्या चौरंगाचीही उंची त्यात धरावी आणि मग सर्वांत उंच कोण ते ठरवावे, तशातला तो प्रकार असतो.

याचा अर्थ मी अभ्यास केला नाही असा नाही. केला, आणि कसून केला. अक्काच्या नातवानेही केला आहे. त्याचे डोळे दोन वर्षांत आत गेले आहेत. कष्टांना मोल नाही असे कोणी म्हणू लागले, तर तो अन्यायाचाच दुसरा प्रकार होईल. माझे म्हणणे एवढेच आहे, की गुण हे कष्टांचे माप असले तरी केवळ कष्टांचे माप नसतात. ते घराचे, भाषेचे, शाळेचे आणि आजच्या काळात शिकवणी-वर्गाच्या फीचेही माप असतात. हे आता न्यायालयांनीही ओळखले आहे. २०२२ च्या जानेवारीत वैद्यकीय प्रवेशासंबंधीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की स्पर्धा परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे मानता येत नाही; ती सामाजिक परिस्थितीच्या संदर्भातच पाहिली पाहिजे. तमिळनाडूने २०२० साली कायदा करून सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीय महाविद्यालयांत साडेसात टक्के जागा वेगळ्या ठेवल्या, त्याच्या मुळाशीही हाच विचार आहे. नगरपालिकेच्या शाळेतून आलेल्या मुलाचे गुण आणि लाखभर रुपये मोजून वर्गाला गेलेल्या मुलाचे गुण अंकांत लिहिताना सारखे दिसतात, एवढेच.

पण मूळ प्रश्न गुणांच्याही अलीकडचा आहे. कॉलेजातली जागा असते कोणाची?

शर्यतीतल्या बक्षिसासारखी ती आहे असे मानले, तर जो पुढे पळाला त्याची ती, हे उत्तर सरळ आहे. मग शर्यतीला सगळे एकाच रेषेवरून सुटले होते काय, एवढेच विचारायचे उरते. पण सरकारी महाविद्यालयातली जागा खरोखर बक्षीस आहे काय? तेथली इमारत, प्रयोगशाळा, इस्पितळातल्या खाटा, शिकवणाऱ्यांचे पगार हे सारे येते कोठून? जोतीराव फुल्यांनी हा प्रश्न १८८२ साली हंटरसाहेबांच्या शिक्षण आयोगापुढे मांडला होता. सरकारी तिजोरीतला पैसा मुख्यतः रयतेच्या घामातून जमा होतो, आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. ज्याने भरले त्याच्या पोराला मात्र साधी प्राथमिक शाळा मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आजही गावातल्या किराणा दुकानात चहाची पुडी घेणारी मजूर बाई कर भरतेच. मेडिकल कॉलेजच्या प्रत्येक जागेत तिचे चार आणे आहेत. मग ती जागा म्हणजे समाजाने कोणाच्या तरी हाती सोपवलेली ठेव आहे, आणि ठेव सोपवताना 'सर्वांत पुढे कोण पळाला' या प्रश्नाबरोबर 'ही कोणाकोणाच्या कामी येईल' आणि 'आजवर कोणाला मुळीच मिळाली नाही' हेही विचारणे प्राप्त आहे.

येथे आमचे काही मित्र एक शंका काढतात: उद्या ऑपरेशनच्या टेबलावर तुम्ही निजलात, तर कमी मार्कांचा डॉक्टर चालेल काय? शंका घाबरवणारी आहे, पण बरोबर नाही. राखीव जागा दारापाशी असते. आत गेल्यावर वर्ग तोच, शवविच्छेदनाचे टेबल तेच, आणि शेवटची परीक्षा सर्वांना सारखीच द्यावी लागते. पदवी कोणालाही राखीव मिळत नाही.

दुसरे एक निरीक्षण मी त्या दिवशी अक्काच्या घरातच केले. भाच्याच्या मित्राच्या मुलाला या पोरापेक्षा कमी गुण होते. त्याला बापाने पैसे मोजून खाजगी महाविद्यालयात घातला. ही हकीकत सांगताना भाच्याच्या आवाजात राग नव्हता, उलट थोडा आदरच होता: "त्याची ऐपत आहे, मामा." मला ही गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना १९८३ साली वाट मोकळी झाली, आणि तेव्हापासून ऐपतीच्या जोरावर मिळणाऱ्या जागा आमच्या डोळ्यांना सवयीच्या झाल्या. अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा जास्त फीने देण्याची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या इनामदार खटल्यात दिली. त्यावरून फराळाच्या ताटाशी वाद झाल्याचे मी अजून ऐकलेले नाही. कमी गुणांच्या मुलाने पैशाने जागा घेतली तर ती त्याची ऐपत, आणि कमी गुणांच्या मुलाला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अन्यायाची थोडी भरपाई म्हणून ती मिळाली तर मात्र 'आमची' जागा गेली! आपला राग खरोखर गुणवत्तेसाठी असता, तर तो दोन्हीकडे सारखा गेला असता.

आणि हिशेबच करायचा, तर पुरता करावा. २०२४ साली 'नीट'ला सुमारे २३ लाख मुले बसली. देशात एम. बी. बी. एस.च्या जागा एक लाखाच्या थोड्या वर, आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास काय त्या सरकारी. राखीव जागा उद्या सकाळी काढून टाकल्या, तरी बावीस लाख मुले बाहेरच राहणार आहेत. दारे इतकी थोडी का, आणि परवडणारी त्याहून थोडी का, हा प्रश्न ज्यांना विचारायला हवा त्यांना न विचारता, आपण दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्या पोराकडे डोळे वटारून पाहतो.

राखीव जागांच्या पद्धतीत उणे काहीच नाही, असे मी म्हणणार नाही. मागास ठरलेल्या जातींतलीच सुस्थितीतली घरे पुन्हा पुन्हा लाभ घेतात ही तक्रार खोटी नाही. म्हणूनच १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांतील सधनांना वगळावे असे सांगितले, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये अनुसूचित जातींत पोटवर्ग करण्याची राज्यांना परवानगी दिली. केवळ गरिबीच्या आधारावर १० टक्के जागा ठेवणारी घटनादुरुस्ती २०१९ साली झाली, ती २०२२ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी टिकली; म्हणजे न्यायमूर्तींचेही तेथे एकमत नव्हते. वाटणी कशी करावी यावर सुज्ञ माणसांनी भांडावे, अवश्य भांडावे. पण वाटणीचे भांडण वेगळे आणि सबंध वाडा आपलाच आहे असे धरून चालणे वेगळे.

आपल्या महाराष्ट्रात तरी हे नव्याने सांगण्याची गरज नव्हती. शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या, हे पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच्या आदल्याच वर्षी कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले होते, आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहत गेली, याकडे तितके लक्ष जात नाही. महाराजांना एक साधी गोष्ट कळली होती: शाळेचे दार उघडले म्हणजे काम संपले असे नाही, दूरच्या खेड्यातून आलेल्या पोराला रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारे वसतिगृह सुरू केले, तेव्हा त्या मुलांच्या भाकरीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. आणि पुढे त्यांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढून ते ऋण शेकडो पटींनी फेडले.

मात्र डॉ. आंबेडकरांचे उदाहरण देताना आपण नकळत एक चूक करतो. 'असा एखादा हिरा सापडावा म्हणून दार उघडे ठेवले पाहिजे,' असे आपण म्हणतो. यात न्याय नाही, केवळ हिशेबीपणा आहे. सुखवस्तू घरातल्या मुलाला कॉलेजात जाण्यासाठी हिरा असावे लागत नाही. तो मध्यम बुद्धीचा असला तरी पदवीधर होतो, कोठे तरी चिकटतो आणि सुखाने नांदतो. मी स्वतः त्याचा ढळढळीत नमुना आहे. गरिबाच्या, दलिताच्या, पारध्याच्या पोराने मात्र असामान्य असले पाहिजे, तरच त्याला दार उघडू, ही अट कोणी घातली? साधारण बुद्धीच्या माणसाला साधारण बुद्धीनिशी शिकता येणे, नापास होऊन पुन्हा बसता येणे, आणि त्याबद्दल त्याच्या सबंध जातीला नावे न ठेवली जाणे, हा समतेचा खरा अर्थ आहे.

आणि आत घेतल्यावर आपण त्याला कसे वागवतो? येथे मला माझ्या पदरचे सांगितले पाहिजे. नोकरी लागून माझी पाचसहा वर्षे झाली असतील. एका डोंगराळ तालुक्यातून आलेल्या मुलाने वर्गात उभे राहून एक प्रश्न विचारला. प्रश्न चांगला होता. पण त्यात 'न' आणि 'ण' यांची अदलाबदल झाली, आणि मी उत्तर देण्याआधी त्याचा शब्द त्याच्याच उच्चारात पुन्हा म्हणून दाखवला. वर्ग हसला, मीही हसलो. तो मुलगा दोन वर्षे माझ्या वर्गात होता. त्याने पुन्हा हात वर केला नाही. सरकारने त्याला फी माफ केली होती, वसतिगृह दिले होते, पुस्तकपेढी दिली होती; आणि एवढ्यावर मी एका मिनिटात पाणी ओतले. त्याचे पुढे काय झाले, मला माहीत नाही. शुद्धलेखनाचे तीन गुण मी त्याच्या प्रत्येक पेपरातून कापीत असे, हे मात्र आठवते.

त्या भाऊबीजेच्या महिनाभर आधी, ३० सप्टेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने दिलेला एक निकाल मला त्या दिवशी आठवला, तो भाच्याला सांगितला. उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या, दलित कुटुंबातल्या मुलाने देशातली अतिशय कठीण अशी अभियांत्रिकीची प्रवेशपरीक्षा पार केली. धनबादच्या आय. आय. टी.त त्याला जागा मिळाली. ती पक्की करायला १७,५०० रुपये भरायचे होते, आणि मुदत होती एका ठराविक दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. बापाला एवढे पैसे उभे करायला वेळ लागला, मुदत टळली, जागा गेली. पोरगा एकामागून एक दारे ठोठावीत शेवटी दिल्लीला पोचला. न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या कलमाखालील आपला खास अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला, तोही एक जागा वाढवून, म्हणजे दुसऱ्या कोणाला धक्का न लावता.

"आता सांग," मी भाच्याला म्हणालो, "त्याला राखीव जागा होती, मार्क होते, सगळं होतं. नव्हते फक्त साडेसतरा हजार, आणि तेही त्या संध्याकाळी. तुझ्या घरात ही वेळ आली असती काय?"

भाचा काही बोलला नाही. तो वाईट माणूस नाही. त्याचा पोरगा रडला आहे, आणि रडणाऱ्या पोराच्या बापाला आकडेवारी सांगणे हाही एक प्रकारचा उद्धटपणाच. म्हणून मग मी त्याला आकडे सोडून अक्काची गोष्ट सांगितली. पहिला नंबर, चौथा नंबर, कंदील, बीजगणित, सगळी. ती ऐकत बसली होती. भाच्याने आईकडे अशा काही नजरेने पाहिले, की जणू तिला आजच पाहतो आहे.

"आई, तू कधी बोलली नाहीस."

"बोलायचं काय त्यात?" अक्का म्हणाली. "मला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, आणि नंतर विचारून काय उपयोग?"

तिने हे रागाने म्हटले असते तर बरे झाले असते. मी नेहमीप्रमाणे तबकात पाकीट घातले, आणि तिने नेहमीप्रमाणे ते न उघडता पदराखाली सरकवले. ओवाळणीने हा हिशेब फिटत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. महाराष्ट्रात २०२४ सालापासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली आहे, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "चांगलं झालं. पण फी माफ झाली तरी पाणी कोण भरतंय, तेही बघा म्हणावं." माझ्या चाळीस वर्षांच्या अध्यापनात मी यावर इतके नेमके काही बोललो नाही.

जेवणे झाल्यावर नातवाला मी बाजूला घेतले. त्याला म्हटले, "बाळ, तुझं दुःख खरं आहे, ते मी खोटं पाडत नाही. यंदा पुन्हा बस. नाही जमलं, तर दुसरं काही शीक, शिकण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त जागा 'आपली' होती असं मनात धरू नकोस. ती आपली नव्हती. मला मिळाली तीही माझी नव्हती."

त्याने मान हलवली. पटले की वडीलधाऱ्या माणसासमोर हलवायची म्हणून हलवली, हे मला सांगता येणार नाही. पण थोड्या वेळाने मी स्वयंपाकघराच्या दारापाशी गेलो, तेव्हा तो आजीजवळ ओट्यापाशी उभा राहून फराळाची भांडी धूत होता, आणि तिला विचारीत होता, की बीजगणित तिला कोणी शिकवले.